एग्मोरची इंजिने आणि एक नोंदवही

मुंबई-पुण्याहून चेन्नईला जाणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांच्या मनात त्या शहराचे रेल्वेस्थानक म्हणजे ‘सेंट्रल’. तेथून सुमारे दोन किलोमीटरवर एग्मोर हे शहराचे दुसरे मोठे स्थानक आहे. रस्त्याने हे अंतर किरकोळ असले, तरी रुळांच्या हिशेबाने एकेकाळी ते फार मोठे होते. सेंट्रलला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटरचे अंतर. एग्मोरला मीटरगेज, म्हणजे नेमके १००० मिलिमीटर. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या रामेश्वरच्या यात्रेकरूला सेंट्रलला उतरून, वळकटी आणि ट्रंका घोडागाडीत घालून एग्मोर गाठावे लागे. खरी दक्षिण तेथून सुरू होई.

एग्मोरची लाल-पांढरी, घुमटांची वास्तू ११ जून १९०८ रोजी खुली झाली. साउथ इंडियन रेल्वेसाठी हेन्री आयर्विन यांनी तिचा आराखडा केला आणि कंत्राटदार सामिनाद पिळ्ळै यांनी सुमारे १७ लाख रुपयांत ती उभारली. मोटारी थेट फलाटाच्या कडेपर्यंत नेता येतील अशी सोय, हे या स्थानकाचे वैशिष्ट्य पुढे अनेक वर्षे कौतुकाचा विषय होते.

माझे वडील बँकेत होते. १९६१ साली त्यांची बदली मद्रासला झाली (चेन्नई हे नाव अधिकृत झाले ते १९९६ मध्ये) आणि आमचे बिऱ्हाड एग्मोरजवळ थाटले गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तमिळ येत नव्हते, मित्र नव्हते. होता तो स्थानकाचा पादचारी पूल आणि त्याखालून ये-जा करणारी इंजिने.

अक्षरांचा अर्थ

इंजिने ओळखायला मला शिकवले ते शेजारच्या आजोबांनी. ते तंजावरी मराठी होते आणि साउथ इंडियन रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झाले होते. त्यांची मराठी ऐकताना एखादी जुनी बखर कोणी मोठ्याने वाचत आहे असे वाटे. तीन शतकांपूर्वी व्यंकोजीराजांबरोबर दक्षिणेत उतरलेल्या मंडळींची ती भाषा होती.

इंजिनाच्या अंगावरील अक्षरे म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच, हे त्यांनी मला समजावले. ‘वाय’ म्हणजे मीटरगेज. ‘वायपी’ हे प्रवासी गाड्यांचे इंजिन, ‘वायजी’ मालगाडीचे आणि ‘वायएल’ हलक्या रुळांवरचे. चाके मोजूनही ओळख पटे. वायपीला पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन लहान चाके. वायजीला पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन. मधल्या मोठ्या चाकांची संख्या जास्त, तर ओढण्याची ताकद जास्त. चाकांचा व्यास मोठा, तर वेग जास्त. बीजगणित शिकण्यापूर्वीच हे समीकरण मला पाठ झाले होते.

वडिलांनी एक रेघी वही आणून दिली. तीत बँकेच्या खतावणीप्रमाणे रकाने आखले: दिनांक, वर्ग, क्रमांक, गाडी, गंतव्य. पुलावर उभे राहून मी नोंदी करी. खाली फायरमन फावड्याने भट्टीत कोळसा लोटत असे. कधी पाण्याच्या उंच खांबाची सोंड टेंडरमध्ये सोडलेली दिसे. इंजिन सुटताना सिलिंडरांतील वाफ दोन्ही बाजूंनी पसरे आणि क्षणभर संपूर्ण फलाट दिसेनासा होई. शर्टावर कोळशाची कणी पडे. आई ती पाहूनच मी कोठे होतो ते ओळखी.

या पुलावर उभे राहणाऱ्यास एक लाभ होता, जो त्या काळात देशातील फारच थोड्या मुलांना मिळाला असेल. त्याच आवारातून विजेवर चालणारी मीटरगेज लोकलही जात असे. मद्रास बीच ते तांबरम ही विजेची उपनगरी सेवा १९३१ सालीच सुरू झाली होती. एका रुळावर धाप टाकणारे इंजिन आणि शेजारच्या रुळावर आवाज न करता निघून जाणारी लोकल, असे दोन युगांचे दर्शन एका नजरेत घडे. मला अर्थातच लोकल नीरस वाटे. तिची नोंद मी कधी केली नाही.

धनुष्कोडी

माझ्या वहीतील ‘गंतव्य’ या रकान्यात सर्वांत लांबचे नाव होते धनुष्कोडी. सिलोनला जाणारी ‘बोट मेल’ तेथपर्यंत जाई. पांबनचा सागरी पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी खुला झाल्यावर हा मार्ग सुरू झाला. धनुष्कोडीच्या धक्क्यावर प्रवासी आगबोटीत बसत, सुमारे ३५ किलोमीटरचा समुद्र ओलांडून तलैमन्नारला उतरत आणि तेथून पुन्हा रेल्वेने कोलंबोस जात. एग्मोरला काढलेले एकच तिकीट कोलंबोपर्यंत चाले. रुळ समुद्राशी संपतात आणि तरीही प्रवास संपत नाही, या कल्पनेने मी भारावून जात असे.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी गिळले. स्थानकाजवळ आलेली पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर लाटेखाली गेली. तीत शंभराहून अधिक माणसे होती, एकही वाचले नाही. पांबन पुलाचे गाळे वाहून गेले. तो पूल ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली अवघ्या ४६ दिवसांत दुरुस्त झाला. कोकण रेल्वेमुळे पुढे हेच नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा बांधला गेला नाही. गाव वस्तीस अयोग्य ठरविण्यात आले.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पाटीवर रामेश्वरम हे नाव होते. मी वही उघडली आणि धनुष्कोडीच्या सगळ्या नोंदींवर रेघ ओढू लागलो. वडिलांनी हात धरला.

“खोडू नकोस. आमच्याकडे खातं बंद झालं तरी जुनी नोंद खोडत नाहीत. ज्या दिवशी लिहिलीस त्या दिवशी ती खरी होती. नवं नाव खाली लिही.”

आजोबा तेथेच बसले होते. धनुष्कोडीच्या स्थानकावर त्यांच्या ओळखीची माणसे होती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वही घेतली, ती पाने सावकाश वाचली आणि मिटून माझ्याकडे परत दिली.

धुराची माघार

त्यानंतरच्या वर्षांत धूर हळूहळू दक्षिणेकडे हटत गेला. साठच्या दशकाच्या मध्यास पंचवीस हजार व्होल्टची वीज विळुप्पुरमपर्यंत, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर दूर पोहोचली. जपानहून आलेली ‘वायएएम-१’ विद्युत इंजिने गाड्या तेथवर नेऊ लागली. पुढे वाफेचे वा डिझेलचे इंजिन जोडले जाई. यामागचा हिशेब साधा होता. वाफेच्या इंजिनात कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्सादेखील चाकांपर्यंत पोहोचत नसे; वर पाणी भरणे, राख काढणे आणि गाडीच्या कित्येक तास आधी भट्टी पेटवणे आलेच. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ साली वायजी वर्गाचे अखेरचे इंजिन बाहेर पडले आणि देशातील वाफेच्या इंजिनांचे उत्पादन थांबले. ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची गाडी १९९५ मध्ये इतिहासजमा झाली.

विजेचाही तोच क्रम लागला. जिला मी वहीत जागा दिली नाही, त्या मीटरगेज लोकलची शेवटची फेरी जुलै २००४ मध्ये झाली. आज एग्मोरला मीटरगेजचा एकही रूळ नाही. सेंट्रल आणि एग्मोर यांच्यामधील ती जुनी दरी मिटली आहे. पांबनचा शतकोत्तर पूलही निवृत्त होऊन एप्रिल २०२५ मध्ये त्याच्याशेजारी नवा पूल खुला झाला.

एग्मोरला धूर मात्र अधूनमधून परतला. १८५५ साली इंग्लंडमध्ये घडवलेले ‘ईआयआर-२१’ हे इंजिन पेरांबूरच्या कारखान्यात २०१० मध्ये पुन्हा चालते करण्यात आले. २६ जानेवारी २०१९ रोजी ते एग्मोरहून कोडंबाक्कमपर्यंत धावले. गंमत अशी, की हे ब्रॉडगेजचे इंजिन! माझ्या बालपणी एग्मोरच्या रुळांवर ते उभेसुद्धा राहू शकले नसते. बातमी वाचल्यावर मी जुनी वही काढली. धनुष्कोडीची पाने पिवळी पडली आहेत, पण अक्षर लागते. शेवटच्या नोंदीखाली बरीच जागा शिल्लक होती. तेथे रकान्यांप्रमाणे दिनांक, वर्ग आणि क्रमांक लिहिला, आणि गंतव्याच्या रकान्यात लिहिले: कोडंबाक्कम.