एका सीडीत किती पुस्तकं?

“अख्खं वाचनालय एका सीडीत मावेल का हो?” आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी कोरी सीडी उजेडात धरून विचारलं. २००९ सालची गोष्ट. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं टाइप करून जपायची, असं आम्ही चौघांनी ठरवलं होतं. कुणी म्हणे पन्नास पुस्तकं बसतील, कुणी म्हणे पाच हजार. मी म्हटलं, “मोजून सांगतो.”

सीडीवर ७०० एमबी छापलेलं असतं आणि शेजारी ८० मिनिटं. मोजायला मिनिटंच बरी, कारण ही चकती मुळात गाण्यांसाठी जन्मली. सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे ८० मिनिटांचे ३,६०,०००. गाण्याच्या सीडीत एका सेक्टरात २,३५२ बाइट असतात. आपल्या फायली ठेवायच्या तर त्यातले २,०४८च हाती लागतात. उरलेले बहुतेक चुका शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात जातात. गाण्यात एखादा बिट इकडचा तिकडे झाला तर कानाला पत्ता लागत नाही. मजकुरात मात्र ‘क’ आणि ‘औ’ यांच्या युनिकोड क्रमांकांत एका बिटाचाच फरक आहे. तेवढा बिट हलला की ‘कमळ’चं ‘औमळ’ होतं. म्हणून तो खर्च मला कधी खटकला नाही. गुणाकार करून हाती आले ७३,७२,८०,००० बाइट.

आता पुस्तक. कपाटातली एक कादंबरी काढली आणि तीन पानं निवडली: एक सुरुवातीचं, एक मधलं आणि एक संवादांचं. संवादांचं पान मुद्दाम घेतलं, कारण तिथे अर्ध्याअर्ध्या ओळी रिकाम्या असतात आणि नुसती भरगच्च पानं मोजणारा फसतो. सरासरी निघाली पानाला ३० ओळी, ओळीला ९ शब्द. म्हणजे २७० शब्द.

खरी गंमत पुढे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात चार: ज्ञा, ने, श्व, री. कॉम्प्युटरला दिसतात अकरा: ज, हलन्ताची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्त, व, र आणि वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतल्या अशा प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. चार अक्षरांचे ३३ बाइट! इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. आपल्याकडे १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्कीमध्येही देवनागरीची खूण एका बाइटात बसायची, पण पुढे जगभर युनिकोड रुळलं आणि आम्ही त्यातच टाइप करत होतो. उद्या कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता यावं, यासाठी तिप्पट जागा मोजायला माझी ना नव्हती. जुन्या फाँटांतल्या फायली दुसरीकडे उघडल्यावर होणारी इंग्रजी अक्षरांची खिचडी बरीच निवडून झाली होती.

त्या तीन पानांवर शब्दाला सरासरी सहा खुणा पडल्या. त्यांचे अठरा बाइट आणि मोकळ्या जागेचा एक. २७० गुणिले १९, म्हणजे पानाला ५,१३० बाइट. दोनशे पानांचं पुस्तक दहा लाखांच्या जरा वर. भागाकार केला: एका सीडीत सुमारे ७१८ पुस्तकं. ४.७ जीबीच्या डीव्हीडीत साडेचार हजारांवर. झिप केली तर याच्या कितीतरी पट, कारण देवनागरीच्या तीन बाइटांतला पहिला कायम तोच असतो आणि दुसरा दोन पर्यायांपैकी एक, दाबायला सोपं. पण झिप फाइल थोडी जरी बिघडली तरी बराच मजकूर हातचा जातो, म्हणून तो मोह टाळला. स्कॅनचं नावच नको. ए-५ आकाराचं एक पान ३०० डीपीआयला करड्या छटांत स्कॅन केलं की न दाबता ४३ लाख बाइट होतात, म्हणजे टाइप केलेली चार पुस्तकं.

कार्यवाहांना सांगितलं, “सातशे बसतील.” ते खूश, मीही खूश.

मग आम्ही एक एक पुस्तक पुरं होईल तसं त्याच सीडीवर राइट करत गेलो. काम सुरक्षित राहावं, एवढाच हेतू. वर्षभराने सत्तेचाळीसावं पुस्तक टाकताना प्रोग्रामने जागा नसल्याचं सांगितलं. सातशेचा माझा हिशेब आणि सीडी शेहेचाळीसलाच भरलेली! टाइप करणाऱ्या ताई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती अजून आठवते.

भागाकार बरोबर होता. चूक सवयीत होती. सीडीवर प्रत्येक वेळी नवं सेशन लिहिलं की त्याच्या शेवटाची आणि पुढच्याच्या सुरुवातीची पट्टी सोडावी लागते. पहिल्या वेळी सुमारे २३ एमबी जातात, नंतर दर वेळी सुमारे १४. एका पुस्तकाचा मजकूर एक एमबी आणि तो ठेवण्याचा खर्च चौदा. नारळापेक्षा हमाली जड. मी पानं मोजली, शब्द मोजले, वेलांट्यासुद्धा मोजल्या आणि सेशन तेवढी मोजायची विसरलो.

शेवटी सगळी पुस्तकं आधी हार्डडिस्कवर एकत्र केली आणि सत्तेचाळीसही नव्या सीडीवर एकाच सेशनमध्ये राइट केली. बाहेर काढून खिडकीशी तिरपी धरली. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि लिहिलेला भाग किंचित गडद दिसतो. भोकाजवळ एक बारीक कडं उमटलं होतं, बाकी सगळी चकचकीत. कड्यात सेशनच्या पट्ट्याही आहेत. मजकुराच्या वाट्याला हिशेबाने साडेतीन मिलिमीटरही येत नाहीत. एका पुस्तकाला मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही.

दोन्ही सीड्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. भरलेलीवर शेहेचाळीस पुस्तकं आहेत आणि जवळजवळ कोरीवर सत्तेचाळीस.