बालकांतील टिक आणि अनिवार कृती : निदानातील एक भेद

आठ-नऊ वर्षांचे एखादे मूल वारंवार डोळे मिचकावते, खांदा उडविते, घसा खाकरते. दुसरे एखादे दाराची कडी लावली आहे की नाही हे दहा वेळा पाहते, किंवा हात पुनःपुन्हा धुते. पहिल्याच्या वर्तनास घरची मंडळी ‘चाळे’ म्हणतात, दुसऱ्याच्या वर्तनास ‘मंत्रचळ’. आणि उपाय मात्र दोहोंवर एकच योजिला जातो, तो दटावणीचा. वस्तुतः या दोन्ही अवस्था परस्परांच्या निकटच्या असल्या, तरी एकच नव्हेत. त्यांमधील भेद केवळ परिभाषेचा नसून त्यावर उपचाराची दिशा अवलंबून असते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टिकविकाराचे पहिले महत्त्वाचे वर्णन फ्रेंच वैद्य इतार यांनी १८२५ साली केले. पुढे १८८५ मध्ये शार्को यांचे शिष्य जिल द ला तूरेत यांनी नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली व विकारास त्यांचे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दमित वासनांच्या संघर्षातून टिक उद्भवते, असे मानण्याकडे कल होता. १९६१ पासून हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी होते असे दिसू लागले आणि त्या उपपत्तीचा पाया डळमळला. मस्तिष्काचे बाह्यक व त्याच्या तळाशी असलेली केंद्रके यांना जोडणाऱ्या मज्जामार्गांतील बिघाडाशी आज या दोन्ही विकारांचा संबंध जोडला जातो.

टिक ही आकस्मिक, जलद व तालहीन अशी हालचाल किंवा ध्वनी होय. शिंक येण्यापूर्वी नाकात जशी हुळहुळ होते, तशी एक शारीरिक संवेदना बहुधा तिच्या आधी जाणवते. मूल टिक काही काळ आवरू शकते, आणि म्हणूनच ते ‘मुद्दाम करते’ असा गैरसमज होतो. याउलट, अनिवार कृतीच्या मागे बहुधा एखादा भयकारक विचार असतो आणि त्यातून येणारी चिंता शमविण्यासाठी ती कृती हेतुपुरस्सर केली जाते. या दोहोंच्या सीमेवरही काही मुले आढळतात. उजव्या हाताने स्पर्श केला म्हणून डाव्यानेही करावयाचा, तोही ‘बरोबर वाटेपर्यंत’. मात्र त्यामागे भीती कोणतीच नसते. टिकसंबद्ध अनिवार्यतेचा हा प्रकार मुलग्यांत अधिक व लहान वयात आढळतो. अमेरिकन मानसोपचारज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व पुढील अभ्यासांवरून ध्यानी येईल. २००४ साली अमेरिकेत अनिवार्यतेने पीडित अशा ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवर उपचारांची तुलना झाली. त्यांपैकी टिक असलेल्या मुलांत केवळ सर्ट्रालिन हे औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. बोधात्मक वर्तनोपचाराचा लाभ मात्र टिकून राहिला. तथापि हा गट लहान होता. शिवाय, वर्तनोपचाराने गुण न आलेल्या टिकयुक्त मुलांना तोच उपचार चालू ठेवण्यापेक्षा सर्ट्रालिनने अधिक लाभ झाला, असे २०१५ च्या एका स्कँडिनेव्हियन अभ्यासात दिसले. तात्पर्य, औषध वर्ज्य नाही. परंतु प्रारंभ वर्तनोपचाराने करणे श्रेयस्कर. टिकसाठीही पूर्वसंवेदना ओळखून विरोधी हालचाल करण्याचे शिक्षण उपयुक्त ठरते. २०१० च्या एका अभ्यासात १२६ मुलांपैकी ज्यांना ते मिळाले, त्यांतील सुमारे ५३ टक्के सुधारली. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते.

दोहोंचा जीवनक्रमही भिन्न आहे. टिक बहुधा पाच-सहा वर्षांच्या वयात सुरू होते, दहा-बारा वर्षांच्या सुमारास तीव्र होते आणि किशोरवयाच्या अखेरीस बहुतेकांत ओसरते. अनिवार्यतेविषयी अशी निश्चिंती बाळगता येत नाही. उपचाराविना ती पुष्कळदा प्रौढपणीही टिकते. ‘मोठा झाला की जाईल’ हे आश्वासन म्हणूनच एका मुलास दिलासा देते, तर दुसऱ्याची मोलाची वर्षे वाया घालविते. यास्तव परीक्षकाने कृतीचे केवळ बाह्य रूप पाहून थांबू नये. ‘हे करण्यापूर्वी तुला काय होते?’ असा प्रश्न मुलास एकांतात व सौम्यपणे विचारावा. अंगात काहीतरी दाटून येते, की मनात काही वाईट घडण्याची शंका येते, हे मूल सांगू शकले, तर निदानाचे निम्मे कार्य तेथेच होते.