न्यूयॉर्कमधील जादा भाड्याचे दावे

न्यूयॉर्क शहरात 1974 पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा अधिक सदनिकांच्या बहुतेक भाड्याच्या इमारतींना भाडे-स्थिरीकरणाचा कायदा लागू असून, करार नव्याने करताना भाडे किती टक्क्यांनी वाढवता येईल हे शहराचे भाडे मार्गदर्शक मंडळ दरवर्षी ठरवते. कायद्याने घेता येते त्याहून अधिक भाडे आकारल्यास भाडेकरूला राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे किंवा न्यायालयात दाद मागता येते, आणि ही आकारणी हेतुपुरस्सर नव्हती हे घरमालकाला सिद्ध करता आले नाही, तर त्याला जादा रकमेची तिप्पट भरपाई द्यावी लागू शकते. खरा वाद असतो तो हिशेब कोणत्या वर्षापासून मांडायचा याचा, कारण जुना भाडेकरू गेल्यावर गुपचूप चढवलेली रक्कम पुढच्या प्रत्येक वाढीचा पाया बनते आणि नव्या भाडेकरूला आधीचे भाडे क्वचितच ठाऊक असते. पूर्वी फसवणुकीचा अपवाद वगळता चारच वर्षे मागे जाता येई. 2019 च्या कायद्याने ही मुदत सहा वर्षांची केली व त्याहून जुने दप्तरही तपासण्यास मुभा दिली. ही सुधारणा न्याय्यच होती. तरीही ती पूर्वलक्षी रीतीने, म्हणजे कायदा होण्याआधीच्या आकारणीला, लावण्यास राज्याच्या सर्वोच्च पीठाने, कोर्ट ऑफ अपील्सने, 2020 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी नकार दिला.