धग, झळ आणि चटका : उष्णतेचे प्रारण

वैशाखातल्या दुपारी मोहाडीत टिनाच्या छपराखाली बसलेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. पंखा सुरू असतो, अंगाला वारा लागत असतो. तरीही डोके आणि खांदे तापत राहतात. छपराला त्याचा स्पर्श झालेला नाही. तापलेली हवा हलकी, ती आपण होऊन खाली उतरत नाही. मग ही उष्णता आली कोठून?

"छपराची धग लागते," असे तो माणूस म्हणतो, आणि त्यात अर्धे उत्तर येऊन जाते. शास्त्राने उष्णतेच्या संक्रमणाचे तीन मार्ग मानले आहेत : वहन, अभिसरण आणि प्रारण. तव्याला बोट लागले की बसतो तो चटका. तेथे उष्णता स्पर्शाने आली, म्हणजे वहनाने. दुपारच्या वाऱ्यासोबत येते ती झळ. ती हवेने वाहून आणली. शेकोटीपासून दोन हात दूर बसूनही चेहऱ्याला लागते ती धग. मध्ये सूप आडवे धरा, धग तत्क्षणी थांबते. हवा मात्र होती तेवढीच गरम असते. ही शब्दांची वाटणी काटेकोर नाही (झळ ज्वाळेचीही लागते, महागाईचीही), परंतु 'धग' या शब्दात अंतर गृहीत आहे, हे महत्त्वाचे.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अदृश्य किरणांच्या रूपाने ऊर्जा बाहेर टाकत असते. हेच प्रारण. हिंदी पुस्तकांत त्याला 'विकिरण' म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत विकिरण म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, म्हणून सीमेलगतच्या विद्यार्थ्यांनी येथे सावध राहावे. प्रारणाला माध्यम लागत नाही. सूर्याची ऊर्जा सुमारे 15 कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून आठ मिनिटांत आपल्यापर्यंत येते. विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये लोलकातून आलेल्या रंगपट्ट्यात तापमापी ठेवली, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथेही, पारा चढला. हेच अवरक्त किरण. आपल्या भाषेने तर सूर्यप्रकाशाचे नावच उष्णतेवरून ठेवले : संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन'. 'ऊन ऊन भात' म्हणताना तोच शब्द आपण विशेषण म्हणून वापरतो.

आता छपराकडे वळू. दिवसभर ऊन शोषून तापलेला पत्रा खालच्या दिशेने प्रारण करतो. पंखा हवा हलवू शकतो, किरण अडवू शकत नाही. पत्र्याखाली बांबूचा तट्टा बांधला तर तो शेकोटीपुढच्या सुपाचे काम करतो. वरून चुना लावला तर ऊन मुळात कमी शोषले जाते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री हीच क्रिया उलट घडते. तणसाचा ढीग आकाशाकडे प्रारण करून थंड होतो आणि पहाटे दवाने भिजतो. आभाळ असेल त्या रात्री ढगच खाली प्रारण करतात, म्हणून दव क्वचित पडते.

वृत्तपत्रात छापलेले तापमान वाचताना हा फरक ध्यानी घ्यावा. वेधशाळेतील तापमापी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असते. तिचे 45 अंश हे केवळ हवेचे तापमान होय. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या अंगावर त्या हवेखेरीज सूर्याचे आणि तापलेल्या जमिनीचे प्रारण पडते. ते त्या आकड्यात नसते. तिला काही झाले तर गाव म्हणते, ऊन लागले. हवा लागली, असे कोणी म्हणत नाही.