चाळिशीनंतरचे वाढते पोट : आहार आणि व्यायाम

गिरगावातील चाळींच्या जीवनात व्यायाम हा स्वतंत्र विषय नव्हता. तीन-चार मजल्यांचा जिना, पहाटेच्या नळाचे पाणी भरणे, सामाईक गॅलरीतील फेऱ्या आणि फोर्टातील कचेरीसाठी पायी किंवा ट्रामच्या थांब्यापर्यंत चालणे यांतच पुष्कळशी शक्ती खर्ची पडे. १९६४ साली मुंबईची ट्राम बंद झाली. पुढे अनेक चाळींच्या जागी उंच इमारती आणि त्यांबरोबर लिफ्ट आली. २०२५ मध्ये भुयारी मेट्रोही गिरगावात पोचली. या सोयी स्वागतार्हच होत. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला लिफ्टचे मोल विचारावे. तथापि श्रम घटले आणि ताट मात्र तसेच राहिले, याचा परिणाम पंचेचाळिशीतील गृहस्थाच्या पोटावर दिसू लागला. दुचाकीमुळे खेड्यातही आता हेच घडत आहे.

‘वय झाले की अंग सुटायचेच’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. हा समज पुरता खरा नाही. २९ देशांतील सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेले संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. शरीराचे आकारमान व घडण लक्षात घेता, विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जाव्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात आढळले. मग वजन वाढते कशाने? हालचाल कमी होते, बैठे काम वाढते आणि वापराअभावी स्नायू झिजतात, ही त्याची प्रमुख कारणे होत. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती वाढते, ही आणखी एक अडचण.

भारतीयांना या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचे काहीसे उत्तर येथे मिळते. म्हणून वजनकाट्याइतकेच महत्त्व शिंप्याच्या टेपला द्यावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घेतलेले माप पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावे. शाळेत वा ग्रामपंचायतीत ही तपासणी विनाखर्च होऊ शकते.

आहाराबाबत प्रथम चहाचा हिशेब करावा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. ती दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे हितावह समजले जाते. एका वडापावातून सुमारे ३०० कॅलरी मिळतात. अर्धा तास झपझप चालून त्यांतील निम्म्याही बहुधा खर्च होत नाहीत. केवळ चालण्याच्या भरवशावर खाणे मोकळे सोडणाऱ्यांची निराशा होते, ती यामुळेच. उपवासाची कथाही निराळी नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याची तुपातली खिचडी पाहूनच सुचली असावी. मराठी ताट मुळात वाईट नाही. उसळ, पिठले, ताक, कोशिंबीर, भाकरी, मासळी हे सारे त्यात आहे. फक्त उसळ आणि कोशिंबीर यांचा वाटा वाढवून भाताचा कमी करावयाचा आहे. मटकीच्या उसळीची वाटी अर्धी आणि भाताची मूद दुसऱ्यांदा, हा क्रम उलटावा.

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून पुढे आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेली दोन वेळच जेवण्याची पद्धत राज्यात बरीच लोकप्रिय झाली. अधूनमधूनचे खाणे सुटत असल्याने अनेकांना तिचा लाभ होतो. परंतु इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण टाळल्यास साखर एकदम घसरून जिवावर बेतू शकते.

व्यायामासाठी गिरगावकरांना चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा पदपथ घराशेजारी आहे. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद यांच्या संस्थेचे योगकेंद्रही चर्नी रोड स्थानकानजीक आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. त्यासाठी दंड-बैठकाच हव्यात असे नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठणेही आरंभाला पुरते. दोन मजल्यांपुरती लिफ्ट टाळावी. मात्र छातीत दुखत असेल किंवा थोड्या श्रमाने धाप लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

आठवड्याला अर्धा किलो घट पुरेशी आहे. ऐंशी किलोच्या माणसाचे वजन चार ते आठ किलोंनी उतरले, तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत सहसा सुधारणा दिसते.