तांबड्या रश्श्यावर तांबडी वाइन? जरा दमानं, पावणं!

रोन नदीकाठचा फ्रेंच माणूस मेंढीच्या मटणासोबत तांबडी वाइन घेतो. कोल्हापूरकराच्या ताटातही मटणच असतं. मग जोडी जमायला अडचण काय? अडचण एकच, आणि ती वाटीत लालभडक तर्री घेऊन बसलेली असते. तर घ्या, रोनपासून रंकाळ्यापर्यंतच्या या काही चटकदार गोष्टी.

आईबाप फ्रेंचच
उत्तर रोनच्या तांबड्या वाइनचं द्राक्ष म्हणजे सिरा. आपल्याकडच्या बाटल्यांवर तेच ‘शिराझ’ म्हणून मिरवतं. ते इराणातून फ्रान्सला गेलं, अशी दंतकथा बरीच वर्षं चालली. १९९८ साली डीएनए तपासणीनं निकाल लावला: दुरेझा आणि मोंद्यूज ब्लांश हे त्याचे आईबाप, दोघंही आग्नेय फ्रान्सचे.

तबकड्या कोंडवाड्यात
दक्षिण रोनमधल्या शातोनफ-द्यु-पापच्या वाइनमध्ये एक-दोन नाही, १३ जातींची द्राक्षं चालतात. १९५४ साली फ्रान्समध्ये उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांना ऊत आला, तेव्हा इथल्या महापौरांनी फर्मानच काढलं. तबकडीनं गावावरून उडायचं नाही, गावाच्या हद्दीत उतरायचं नाही. उतरलीच तर रवानगी थेट कोंडवाड्यात! हे फर्मान पुढं ६० वर्षांनीही मागं घेतलेलं नव्हतं.

तांबड्यात पांढरं
तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत कालवून ओरपणाऱ्यांना नावं ठेवू नका. उत्तर रोनच्या कोत-रोतीमध्ये सिराबरोबर व्हियोनिए हे पांढरं द्राक्ष २० टक्क्यांपर्यंत घालायची मुभा आहे. दोन्ही एकत्रच आंबवतात. गंमत म्हणजे, त्यामुळं वाइनचा तांबडा रंग फिका पडत नाही, उलट पक्का होतो.

मिरी न घालता मिरीचा वास
शिराझ हुंगली की काळ्या मिरीची आठवण होते. हा भास नव्हे. रोटंडोन नावाचं एकच द्रव्य मिरीतही असतं आणि या द्राक्षाच्या सालीतही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते हुडकलं. त्यांच्या चाचणीत पाचातल्या एकाला हा वास आलाच नाही. तेव्हा ‘कुठाय मिरी?’ असं कुणी विचारलं तर वाद घालू नका.

एक वेल, दोन छाटण्या
रोनची वेल हिवाळाभर झोपते आणि द्राक्षं साधारण सप्टेंबरात उतरतात. महाराष्ट्रात वेलीला झोप कुठली? एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. कोल्हापूर पडलं उसाचं राज्य. पण शेजारी सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आहे, तिकडं अकलूजला मोहिते-पाटील कुटुंबानं इटालियन भागीदारांबरोबर वाइनचा संसार थाटलाय, आणि नाशिकच्या दिंडोरीची शिराझ तर सगळ्यांना ठाऊक.

आगीत तेल
आता मूळ मुद्दा. रश्श्यातल्या कांदा-लसूण चटणीत ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरचे उष्णता ओळखणारे तंतू चेतवतं, आणि अल्कोहोलही नेमक्या त्याच तंतूंना डिवचतं. त्यात तांबड्या वाइनमधलं टॅनिन, म्हणजे कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा, तिखटाबरोबर आणखी बोचतं. म्हणून तांबड्या रश्श्यावर कडक, लाकडी पिंपात मुरलेली शिराझ म्हणजे पैसेही गेले आणि जीभही गेली.

मग जमतं कुणाशी?
• सुकं मटण: बेताचं तिखट असेल तर शिराझ इथंच शोभते. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनचा तुरटपणा उतरवतात. पिंपात न मुरलेली, कोवळी बाटली निवडा.
• पांढरा रस्सा: नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. याला पांढरीच शोभते. व्हियोनिए असेल तर उत्तम.
• तांबडा रस्सा: किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन. गोडी तिखटाला आवर घालते.
• मिसळ: तिला एकटी सोडा. तिची जोडी पावाशी लागलेली आहे.

फ्रीजला लाजू नका
‘तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या गार घरांचा. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. एप्रिलातली आपली खोली त्याच्या दुप्पट तापते! बाटली आधी फ्रीजमध्ये गार करून घ्या. गरम वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात जातं, फळाचा वास मागं राहतो.

आणि तरीही जाळ झालाच तर?
पाण्यानं काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. वाइननं तर नाहीच. त्यावर इलाज दुधाचा: दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलून नेतं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यानं रिचवणाऱ्या पैलवानांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. फ्रेंचांकडं १३ द्राक्षं असतील हो, पण समोर पिळलेली म्हैस कुठाय? नाद करायचा नाय!