हद्दवाढ : लोकांना विचारायचे, पण कोणत्या लोकांना?

आजचा विषय आपल्या उंबरठ्यावरचाच आहे. बीड बायपासच्या पलीकडे सातारा-देवळाई. २०१४ साली तिथे स्वतंत्र नगरपरिषद झाली आणि २०१५ मध्ये तो सगळा भाग आपल्या महापालिकेत आला. घर तेच, पाण्याची वाट पाहणेही तेच. बदलले ते एवढेच, की कर कुठे भरायचा आणि गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे. तर शहराची हद्द ठरवायची कोणी?

आपण चटकन म्हणतो, "त्यात काय, लोकांना विचारा!" पण कोणत्या लोकांना? फक्त गावाला विचारले, तर शहराचे रस्ते आणि दवाखाने वापरून त्याचा कर नाकारता येतो. दोघांची मते एकत्र मोजली, तर मोठे लहानाला गिळते. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि अ‍ॅलेघेनी ही नदीच्या दोन काठांवरची शहरे. १९०६ मध्ये दोन्हींची मते एकत्र मोजली. अ‍ॅलेघेनीत बहुसंख्य विरोधात होते, पण पिट्सबर्गच्या मतांपुढे तो विरोध बुडाला. १९०७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, शहरांच्या सीमा ही राज्याच्या अखत्यारीतली बाब आहे. म्हणजे बघा, मते मोजण्याआधी कोणाची मोजायची हे ठरवावे लागते, आणि तिथेच निकालही बहुधा ठरून जातो.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९८२ साली शासनाने कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून एक महापालिका करण्याचे ठरवले. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले गाव. तिथून जोरदार विरोध झाला. शासनाने उल्हासनगर वगळले आणि १९८३ मध्ये कल्याण महापालिका स्थापली. मग वाद कोर्टात गेला : यांनाच सूट का? उच्च न्यायालयाने उल्हासनगरचा फेरविचार करायला सांगितले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. महापालिका स्थापणे हे कायदा करण्याच्या जातीचे काम आहे. कायद्यात जेवढी सुनावणी लिहिली आहे त्यापलीकडे ती मागता येत नाही, असे त्याचे सार. गंमत म्हणजे त्याच न्यायालयाने १९८७ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात, ग्रामपंचायतीचा भाग शहरी करताना तिथल्या रहिवाशांना म्हणणे मांडू दिले पाहिजे, असे म्हटले होते.

मग कायद्यात नेमके लिहिले काय आहे? आपल्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३ सांगते, की हद्द बदलण्याआधी शासनाने महापालिकेशी विचारविनिमय करावा आणि अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा. संमती घ्या, असे ते म्हणत नाही. मग आम्हांला कोणी विचारेल, "सर, हा नुसता उपचारच की!" तसे नाही. कल्याणच्याच भोवतालची २७ गावे घ्या. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावे पुन्हा बाहेर काढली, तेव्हा त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारण काय? महापालिकेशी कायद्याला अपेक्षित असलेला विचारविनिमय झालेला नव्हता. ज्याला आपण उपचार म्हणतो, त्याच्यावरच शासन अडले!

आमच्या मते यात तत्त्वाची गोष्ट आहे. मते मोजायची तर मतदार कोण हे आधी ठरवावे लागते, आणि वाद तर नेमका त्याचाच आहे. कारणे ऐकायची असतील तर ही अडचण येत नाही. गुंठेवारीतला घरमालक, शेत टिकवू पाहणारा शेतकरी, शहरातला करदाता, प्रत्येकाचे कारण तोलता येते. त्याला कोणत्याही हद्दीत आधी बसवावे लागत नाही. म्हणून हद्दीच्या वादात ऐकून घेणे हे मतदानाची दुय्यम सोय नव्हे. तिथे न्यायाची तेवढीच एक वाट उरते.

पण ही वाट दोन्हीकडून चालावी लागते. उद्या आपल्या भागाचा मसुदा निघाला, तर "आमचा विरोध आहे" एवढेच लिहून थांबू नका. पाणी, कर, जमीन यांपैकी नेमके काय बिघडेल, ते मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. नुसता आकडा असेल तर त्याच्यावर दुसरा मोठा आकडा मात करतो. कारण दिले असेल, तर त्याला उत्तर द्यावे लागते.